काळं निघालेलं निकेल ऑक्साइड

एमएस्सीच्या प्रोजेक्टात मी पहिल्यांदा निकेल नायट्रेट ४०० अंशांवर भाजलं आणि मुशीतून राखाडी-काळी पूड निघाली. पुस्तकात निकेल ऑक्साइड हिरवं. वाटलं, सँपल गेलं. दोनदा फेकून पुन्हा केलं, दोन्हीदा काळंच. शेवटी गाइडसरांनी विचारलं, "एक्सआरडी काढलास का?" (म्हणजे एक्स-किरणांचा आलेख, त्यावरून पदार्थ कोणता ते ओळखता येतं.) काढला. आलेखातली सगळी शिखरं निकेल ऑक्साइडचीच!

झालं होतं असं की कमी तापमानाला स्फटिकातल्या निकेलच्या काही जागा रिकाम्या राहतात, म्हणजे त्याच्या मानानं ऑक्सिजन जादा होतो. एक जागा रिकामी म्हणजे दोन धनप्रभारांची तूट. ती भरायला, हिशेबानं, दोन निकेल +२ चे +३ होतात (हे आकडे म्हणजे ऑक्सिडेशन स्टेट, पुढे सांगते), आणि तेवढ्यानं रंग काळवंडतो. तीच पूड हजार अंशांच्या वर भाजली, जादा ऑक्सिजन गेला, हिरवी झाली.

आता नव्यांसाठी. ऑक्सिडेशन स्टेट म्हणजे जमाखर्च: ऑक्सिजनच्या नावे -२ टाकायचे, उरलेलं धातूच्या खात्यात. तो खरा प्रभार समजलात की फसलात. मँगनीज घ्या. +२ चं मोनॉक्साइड बरंचसं आयनिक, आम्लारिधर्मी, दीड हजार अंशांच्याही वर वितळणारं. +७ चं हेप्टॉक्साइड मात्र हिरवट, तेलकट द्रव, आम्लधर्मी (आणि स्फोटक, करून बघू नका). सात इलेक्ट्रॉन गमावलेला सुटा मँगनीज तिथे नसतोच. तो ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे इतके ओढतो की बंध सहसंयुज होतो. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हमखास येणारा प्रश्न: परमँगनेटमध्ये मँगनीजही +७ च, डी-इलेक्ट्रॉन (धातूच्या डी-कक्षकांतले) शून्य, मग जांभळा रंग कुठून? मी "डी-डी ट्रान्झिशन" (एका डी-कक्षकातून दुसऱ्यात इलेक्ट्रॉनची उडी) म्हणून मोकळी झाले होते. उत्तर होतं, ऑक्सिजनकडून मँगनीजकडे जाणारा इलेक्ट्रॉन.

माझ्या काळ्या पुडीतल्या त्या +३ चीही गंमत आहे. लिथियम मिसळलेल्या निकेल ऑक्साइडवर १९८९ मध्ये एक्स-किरण शोषणाचं काम झालं, तेव्हा इलेक्ट्रॉनची ती उणीव निकेलपेक्षा ऑक्सिजनवरच जास्त दिसली. आयोडोमेट्रीनं (आयोडीन वापरून केलेल्या मापनानं) तुम्हाला उणीव किती ते कळेल, कुणाकडे आहे ते नाही. म्हणून प्रबंधात "निकेल +३ सिद्ध झालं" असं लिहू नका. परीक्षक तिथेच पकडतात.

आणि हो, नायट्रेट भाजताना तांबूस धूर निघतो, फ्यूम हूडची (धूर बाहेर खेचणाऱ्या कपाटाची) काच खाली ओढा. पूड खलताना मास्क हवाच. निकेल ऑक्साइडची धूळ श्वासावाटे गेली तर कर्करोगकारक आहे. मला हे दुसऱ्या सत्रात कळलं.