दुंब्याचं शेपूट पावसाळ्यात रोज उचलून बघा

बकरी ईद झाली की पुढच्या ईदसाठी दुंब्याची कोकरं आणायची, असं बरेच मेंढीपालक करतात. सध्या ईद उन्हाळ्याच्या शेवटी येते, त्यामुळे कोकरू गोठ्यात येतं ते पावसाच्या तोंडावर. दुंबा म्हणजे चरबीने भरलेल्या जाड शेपटाची मेंढी, मूळची कोरड्या मुलुखातली. अफगाणिस्तान, इराण, अरबस्तानात चारा संपला की या मेंढ्या शेपटातल्या चरबीवर दिवस काढतात. आपल्याकडच्या ओलीत हेच शेपूट दुखणं होऊन बसतं.

शेपटाखाली हवा खेळत नाही. मूत आणि पातळ लेंडी लोकरीला चिकटते, कातडी हुळहुळी होते आणि हिरवी माशी तिथे अंडी घालते. दिवसभरात अळ्या पडतात. जनावर पाय आपटतं, मागे वळून शेपटाकडे बघतं, चारा सोडतं. हे दिसेपर्यंत थांबू नका. रोज संध्याकाळी शेपूट उचलून खाली हात फिरवा. ओल किंवा वास लागला तर धुऊन कोरडं पुसा. पाऊस लागण्याआधीच शेपटाखालची आणि मांड्यांची लोकर कातरून घ्या. अळ्या पडल्याच तर टर्पेंटाईन तेलाचा बोळा लावून त्या चिमट्याने एकूणएक काढा. जखम खोल असेल तर मात्र पशुवैद्यकाला बोलवाच.

हगवण थांबली नाही तर ही सगळी मेहनत वाया जाते. कोवळं गवत एकदम भरपूर घालू नका, आधी कडबा द्या. जंतनाशक आणि आंत्रविषाराची (आतड्यात विष होऊन जनावर दगावतं, त्या रोगाची) लस वेळेवर. बसायला उंच, कोरडी जागा हवी.

शेपूट लवकर फुगावं म्हणून मक्याचा भरडा वाढवत नेणारे भेटतात. मला ते पटत नाही. एकदम जास्त धान्याने पोटात आम्लता होते, जनावर दगावतंही. आणि वाढलेल्या दुंब्याचं शेपूट कापायचा विचारही करू नका. रक्तस्राव होतो, शिवाय कुर्बानीसाठी असं जनावर गिऱ्हाईक सहसा घेत नाही.

पैदास करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. दुंबा नर दख्खनी मेंढीवर सोडला तर अडचण येत नाही. उलट केलं, म्हणजे दुंबा मादीला दख्खनी नर दाखवला, तर शेपूट आड येतं. दुंबा नराला ते छातीने बाजूला सारायची सवय असते, आपल्या नराला नसते. मादी माजावर आली की एकाने तिला धरावं, दुसऱ्याने शेपूट वर उचलून बाजूला धरावं. तारीख वहीत लिहा; साधारण 150 दिवसांनी मेंढी विते.