खपल्या आणि लालसर टाळू: मॉइश्चरायझर निवडताना या चुका टाळा

टाळूवर पिवळसर, तेलकट खपल्या, खाली लाल झालेली कातडी, खाज आणि जोडीला भुवयांत किंवा नाकाच्या कडांनाही तेच. अशी लक्षणं असतील तर तो बहुधा सेबोऱ्हिक डर्माटायटिस असतो. सगळ्यात मोठी चूक पहिल्याच दिवशी होते: खपल्या दिसल्या की टाळू कोरडी पडली असं धरून तेल चोपडलं जातं.

तेलाने बरं वाटतं, मग बिघडतं कुठे?

मॅलेसेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, सगळ्यांच्याच त्वचेवर असतं. त्याला फॅटी ॲसिड (तेलाचे मूळ घटक) स्वतः तयार करता येत नाहीत, त्यामुळे ते त्वचेवरच्या तेलावर जगतं. ते तेल फोडताना ओलेइक ॲसिड मोकळं होतं आणि संवेदनशील टाळूचा दाह त्याने वाढतो. प्रयोगशाळेत हे यीस्ट साधारण 11 ते 24 कार्बन अणूंची साखळी असलेल्या फॅटी ॲसिडांवर वाढतं. खोबरेलातलं लॉरिक ॲसिड 12 कार्बनचं, ऑलिव्ह आणि बदाम तेलातलं ओलेइक 18 कार्बनचं. तेल लावल्यावर खपल्या भिजून चिकटून बसतात, म्हणून तेवढ्यापुरता आराम वाटतो. एक-दोन दिवसांत खाज पुन्हा सुरू होते आणि माणूस आणखी तेल लावतो. हे चक्र आधी थांबवा.

त्याऐवजी यीस्टला खाता न येणारे घटक निवडा: लिक्विड पॅराफिन, स्क्वालेन, ग्लिसरीन, किंवा 8 आणि 10 कार्बनचं एमसीटी (मध्यम लांबीच्या साखळीच्या फॅटी ॲसिडांचं) तेल. एमसीटी घेताना लेबल नीट वाचा. काही बाटल्यांत लॉरिक ॲसिडही मिसळलेलं असतं. फक्त कॅप्रिलिक (8 कार्बन) आणि कॅप्रिक (10 कार्बन) लिहिलेलं हवं. घटकांच्या यादीत शेवटी कुठेतरी एखादा एस्टर (फॅटी ॲसिडपासून बनलेला घटक) दिसला म्हणून चांगलं लोशन फेकू नका. पहिल्या चार-पाच नावांत काय आहे, हे जास्त महत्त्वाचं.

सुगंध मात्र अजिबात नको. टी ट्री, पेपरमिंट यांसारखी सुवासिक तेलंही सुजलेल्या टाळूला झोंबतात, ‘हर्बल’ लिहिलेलं असलं तरी.

युरिया कधी, किती?

मॉइश्चरायझरमधला 5 ते 10 टक्के युरिया पाणी धरून ठेवतो आणि खपल्या सैल करतो. पण खाजवून कातडी सोलली असेल तर तो जबरदस्त चुरचुरतो. अशा वेळी आधी साधं ग्लिसरीनचं पातळ लोशन वापरा, जखमा भरल्या की युरिया.

मॉइश्चरायझर म्हणजे औषध नव्हे

त्याने कोरडेपणा आणि ओढ कमी होते, यीस्ट हटत नाही. त्यासाठी 2 टक्के केटोकोनाझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू सहसा आठवड्यातून दोनदा, 2 ते 4 आठवडे वापरतात. फेस टाळूवर 3 ते 5 मिनिटं राहू द्यायचा. लगेच धुतला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. आराम पडल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा पुरतो.

लावण्याची पद्धत

जाड क्रीम केसांनाच लागतं, टाळू कोरडीच राहते. पातळ लोशन किंवा सीरम घ्या. डोकं धुऊन टॉवेलने टिपा, टाळू किंचित ओलसर असतानाच एकेक सेंटीमीटरवर भांग पाडत थेंब थेट कातडीवर सोडा आणि बोटांच्या पेरांनी हलके दाबा. चोळू नका. पूर्ण टाळूला 2 ते 3 मिलीलीटर पुरतं. केस चिपचिपीत दिसले तर प्रमाण निम्मं करा.

खपल्या जाड असतील तर लिक्विड पॅराफिन अर्धा तास लावून ठेवा, मग शाम्पूने धुवा. नखाने किंवा बारीक फणीने खरवडू नका. त्याने कातडी फाटते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते.

नवं उत्पादन आधी कानामागे आठवडाभर लावून पाहा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने खाज वाढली ते कळत नाही.

तरीही फरक नाही?

चार आठवडे नीट उपचार करूनही खपल्या तशाच असतील तर निदान तपासून घ्या. चंदेरी, जाड, ठळक कडांचे चट्टे कपाळावर उतरत असतील, कोपर-गुडघ्यांवरही असतील, नखांवर बारीक खड्डे असतील तर सोरायसिसची शक्यता असते. केसांना रंग लावल्यानंतर खाज आणि सूज आली असेल तर ती रंगाची ॲलर्जी असू शकते. लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटून गोल चट्टा पडला असेल तर तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो. त्याला पोटात घ्यायचं औषध लागतं, म्हणून घरी काही लावत न बसता मुलाला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.