"माझा हेतू तसा नव्हता" म्हणायच्या आधी या चुका टाळा

मागे एकदा एका ग्रुपवर मी मेसेज टाकला, सुरुवात "फक्त माहितीसाठी सांगतोय" अशी आणि खाली एकाची चूक अगदी तारीख-वारासकट मांडलेली. त्याला लागलं. मी लगेच म्हणालो, अरे माझा हेतू तसा नव्हता रे. आणि गंमत म्हणजे म्हणताना मला स्वतःला ते पटलं होतं, खोटं बोलतोय असं अजिबात वाटलं नाही. रात्री ध्यानाला बसलो तर तो मेसेज टाइप करतानाचं ते बारीकसं "आता बघच तू" जसंच्या तसं समोर येऊन बसलं.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. थोडं तत्त्वज्ञान वाचलं, थोडी पाली सुत्तं (बुद्धाची प्रवचनं) वाचली, आणि लक्षात आलं की आपण बहुतेक वेळा हेतू चुकीच्या जागी शोधतो. मी केलेल्या आणि इतरांना करताना बघितलेल्या चुका खाली देतोय, क्रमाला फारसा अर्थ नाही.

"चेतना" वाचून "जाणीव" समजणं

ही खास आपली, मराठी माणसाची चूक. बुद्धाचं एक प्रसिद्ध वाक्य आहे, अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात, त्यातल्या छक्कनिपात नावाच्या भागात, "चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि", म्हणजे भिक्खूंनो, चेतनेलाच मी कर्म म्हणतो. आता मराठीत चेतना म्हणजे शुद्ध, जाणीव, जिवंतपणा. तो अर्थ घेऊन वाचलं की वाक्य होतं "जाणीव म्हणजे कर्म", आणि मग लोक त्यावर विश्वचैतन्यापर्यंत काय काय इमले बांधतात. पालीतली चेतना म्हणजे मनाची काहीतरी करण्याकडे होणारी हालचाल, मन एखाद्या दिशेला जो रेटा देतं तो. पुढचंच वाक्य वाचलं तरी कळतं, चेतना झाली की मग माणूस शरीरानं, वाचेनं, मनानं कर्म करतो.

अभिधम्मात, म्हणजे मनाचं बारीक विश्लेषण करणाऱ्या बौद्ध ग्रंथांत, तर ती प्रत्येक चित्तात असणाऱ्या सात गोष्टींपैकी एक आहे, फस्स (स्पर्श), वेदना, सञ्ञा (ओळख) वगैरेंच्या रांगेत. तिच्यासाठी अट्ठकथेत (जुन्या पाली टीकेत) दिलेली उपमा मला फार आवडते, चेतना म्हणजे वर्गातला थोरला शिष्य, स्वतःही पाठ करतो आणि बाकीच्यांनाही करायला लावतो. किंवा मुख्य सुतार, स्वतः रंधा मारतोच पण इतरांनाही कामाला जुंपतो. थोडक्यात वर्गाचा मॉनिटर. म्हणजे हेतू हा आयुष्यातल्या चार मोठ्या प्रसंगी घेतला जाणारा गंभीर निर्णय नाही, तो आत्ता हे वाचताना स्क्रोल करणाऱ्या बोटामागेही आहे.

जाता जाता, "हेतू" शब्दही असाच फसवा. पालीत हेतु म्हणजे कारण, मूळ. अभिधम्मात सहा हेतू सांगितलेत, लोभ, दोस (म्हणजे द्वेष), मोह आणि त्यांच्या उलटे तीन. तेव्हा मराठी अनुवादात हेतू दिसला की आधी बघा कुठल्या अर्थानं आलाय. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातही हाच घोळ आहे, तत्त्वज्ञ ब्रेंटानोनं 1874 मध्ये मनाचा जो विशेष सांगितला, की मन नेहमी कशाविषयी तरी असतं, त्याचं इंग्रजी नाव, intentionality, ऐकायला हेतूसारखंच (intention) लागतं पण गोष्ट वेगळी आहे. सापाची भीती सापाविषयी असते, त्यात काही करायचा बेत असेलच असं नाही.

मनात एक वाक्य म्हटलं की हेतू तयार झाला असं धरणं

माझ्या मते सगळ्यात खोल रुतलेली चूक हीच. "हे मी सगळ्यांच्या भल्यासाठी करतोय" असं मनात म्हणायचं आणि मग जे करायचं होतं ते करायचं.

एलिझाबेथ अ‍ॅन्सकम नावाच्या तत्त्वज्ञ बाईंनी याची पार साल काढलीय. 1961 च्या एका लेखात त्या विचारतात, की हेतू जर मनातल्या मनात हवा तसा ठरवता येत असेल तर गुन्हा करणाऱ्या मालकासाठी शिडी धरून उभा राहिलेला नोकरही म्हणेल, माझा हेतू गुन्ह्यात मदत करण्याचा नाहीच, मी फक्त नोकरी टिकवतोय! सुटला की तो. याच बाईंनी 1956 मध्ये ट्रुमनना, म्हणजे जपानवर अणुबाँब टाकायचा आदेश देणाऱ्या अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांना, ऑक्सफर्डची मानद पदवी द्यायला उघड विरोध केला होता, कारण निरपराध माणसं मारणं हेच जेव्हा तुमचं साधन असतं तेव्हा "उद्देश युद्ध थांबवण्याचा होता" म्हणून ते मारणं हेतूच्या बाहेर जात नाही.

त्यांची कसोटी साधी आहे, करणाऱ्याला विचारा "का करतोयस हे?". जे जे करण्याला हा प्रश्न लागू पडतो ते जाणूनबुजून केलेलं. "अरे मी असं करतोय हे मला माहीतच नव्हतं" असं खरं उत्तर आलं तर प्रश्नच गळून पडतो. माझ्या मेसेजला ही कसोटी लावली. त्याची चूक तारखेसकट का लिहिलीस? माहितीसाठी. मग ग्रुपवर का, त्याला एकट्याला का नाही? इथे मी गप्प.

यावर एक भन्नाट कोडंही आहे, तत्त्वज्ञ ग्रेगरी काव्का यांचं, 1983 चं. एक श्रीमंत माणूस तुम्हाला विषाची कुपी दाखवतो, प्यायल्यावर दिवसभर जीव नकोसा होईल पण नंतर काही इजा राहणार नाही. तो म्हणतो, आज रात्री बारा वाजता "उद्या दुपारी हे पिईन" असा खरा हेतू तुमच्या मनात असेल तर दहा लाख डॉलर तुमचे, प्रत्यक्ष प्यायची गरज नाही, पैसे पिण्याच्या वेळेआधीच जमा होतील. सोपं वाटतं ना? करून बघा. उद्या पिण्याचं काहीच कारण उरणार नाही हे माहीत असताना आज पिण्याचा हेतू मनात आणताच येत नाही. दहा लाखांसाठीसुद्धा तो बटण दाबल्यासारखा चालू होत नाही.

बुद्धाची कोंबडीची उपमा इथेच बसते, संयुक्त निकायात आहे. कोंबडी आठ, दहा, बारा अंड्यांवर नीट बसलीच नाही तर "पिल्लं सुखरूप बाहेर येऊ देत" असं तिला कितीही वाटलं तरी ती येत नाहीत, आणि नीट उबवली तर असं वाटलं नाही तरी येतात. इच्छा एक, लागून राहणं वेगळं. आपण बरेचदा अंड्यांपासून दहा फुटांवर उभं राहून इच्छाच करत असतो.

हेतू चांगला म्हणजे विषय संपला (किंवा परिणाम वाईट म्हणजे हेतूही वाईट)

दोन्ही टोकं चुकीची. धम्मपदाच्या पहिल्याच गाथेमागे अट्ठकथेत चक्खुपाल या ज्येष्ठ भिक्खूंची गोष्ट येते. ते आंधळे होते, पावसानंतर बाहेर आलेल्या किड्यांवर चालताना त्यांचे पाय पडले, किडे मेले, बाकीच्या भिक्खूंनी तक्रार केली. बुद्ध म्हणाले, त्यांना मारताना तुम्ही पाहिलंत का? नाही ना, तसेच त्यांनीही किडे पाहिले नाहीत, मारायची चेतनाच नव्हती. परंपरेत हिंसेची पाच अंगं मोजतात, जीव असणं, तो जीव आहे हे माहीत असणं, मारण्याचं चित्त, प्रयत्न, आणि त्या प्रयत्नानं मरण. मधलं चित्त नसेल तर पाणातिपात, म्हणजे जीवहत्या, पूर्ण होत नाही.

पण म्हणून "मला कुठे माहीत होतं" हे सगळीकडे चालेल असं समजू नका. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, भिक्खूनं दारू नकळत प्यायली तरी आपत्ती, म्हणजे नियमभंगाचा दोष, लागते. आणि मिलिंदपञ्हात, म्हणजे राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादात, राजा विचारतो की जाणून पाप करणारा आणि न जाणता करणारा यांत जास्त पाप कुणाला, तर नागसेन म्हणतात न जाणणाऱ्याला, तापलेला लोखंडी गोळा माहीत नसताना धरला तर हात जास्त भाजतो. आधी मला हे चक्खुपालांच्या एकदम उलट वाटायचं. आता मला वाटतं की इथे न जाणणं म्हणजे अपघात नाही, "हे वाईट आहे" हेच न कळणं. तसा माणूस गोळा घट्ट पकडतो, हात आखडत नाही. माझ्या मेसेजचं हेच झालं, मी तो पूर्ण मजेत लिहिला होता.

दुसऱ्याचा हेतू ठरवताना आपण किती घसरतो याचा तत्त्वज्ञ जोशुआ नोब यांचा 2003 चा प्रयोग आहे. कंपनीचा अध्यक्ष म्हणतो, मला पर्यावरणाचं काही पडलेलं नाही, फक्त नफा हवा, योजना सुरू करा. पर्यावरणाचं नुकसान होतं. त्यानं ते मुद्दाम केलं का? 82 टक्के लोक म्हणाले हो. तीच गोष्ट, तेच वाक्य, फक्त पर्यावरणाचा फायदा होतो असं सांगितलं तर 77 टक्के म्हणाले छे, मुद्दाम नाही. अध्यक्षाच्या मनात दोन्हीकडे तेच होतं! म्हणजे वाईट घडलं की आपण मागे जाऊन हेतू चिकटवतो. भांडणात "तू मुद्दाम केलंस" तोंडात यायच्या आधी हे आठवलं तर बरं.

"मेंदू आधीच ठरवतो, हेतू वगैरे सगळं भ्रम"

असं म्हणताना मेंदूचे अभ्यासक बेंजामिन लिबेट यांच्या 1983 च्या प्रयोगाचा हवाला असतो. मनगट हलवायच्या साधारण अर्धा सेकंद आधी मेंदूत विद्युत बदल सुरू होतो आणि "आता हलवावं" ही जाणीव साधारण 0.2 सेकंद आधी. यातून हेतू नसतो हे निघत नाही, त्या आधीच्या बदलाचा अर्थ काय यावरच अजून वाद आहे. शिवाय बौद्ध वाचकानं तर दचकायचंच कारण नाही. आत बसून हुकूम सोडणारा कुणी साहेब आहे असं मुळात म्हटलंय कुणी? विसुद्धिमग्ग या जुन्या पाली ग्रंथात स्पष्टच आहे, "कम्मस्स कारको नत्थि", कर्म करणारा कुणी नाही, फक्त धर्म (म्हणजे मना-शरीरातल्या घडामोडी) चालत राहतात. साहेब नाही म्हणून मॉनिटरही नाही असं होत नाही.

शांत होण्याचा हेतू ठेवून बसणं

ध्यान करणाऱ्यांची नंबर एकची तक्रार, "शांत व्हायचं ठरवून बसतो आणि जास्तच अस्वस्थ होतो". होणारच. अंगुत्तर निकायाच्या दसकनिपातात बुद्ध म्हणतात की शीलवान माणसाला "माझ्यात पश्चात्ताप नसू दे" अशी चेतना करावी लागत नाही, ते न होणं हा स्वभावधर्मच आहे. पश्चात्ताप नसला की प्रमोद, मग प्रीती, मग शरीराची प्रश्रब्धी (शांत, हलकं होणं), सुख, समाधी, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीमुळे आपोआप. चेतना लावायची ती पहिल्या पायरीला, आणि आपण सगळी ताकद पाचव्या-सहाव्या पायरीवर लावतो. श्वासाकडे परत येण्याचा हेतू धरता येतो, शांततेचा नाही. झोपेचंही तसंच आहे, दिवा बंद करायचा हेतू धरता येतो फक्त.

मैत्री भावनेत उलटी अडचण, "सगळे सुखी होवोत" म्हणतो पण आत काहीच वाटत नाही. अहो, वाटायची वाट का बघताय? मैत्री म्हणजे भलं चिंतण्याकडे मनाचा कल, उबदार वाटणं हे तिच्यामागून येतं किंवा येतही नाही.

याच्याच शेजारची चूक म्हणजे सगळ्या इच्छेला तृष्णा म्हणून झोडपणं. एका ब्राह्मणानं बुद्धांचे शिष्य आनंद यांना हाच पेच टाकला होता, इच्छेनं इच्छा सोडायची म्हणता, मग हे संपणार कधी? आनंदांनी उलट विचारलं, या बागेत यायची इच्छा तुला झाली होती ना, आल्यावर ती कुठे गेली? छंद (पालीत काही करण्याची इच्छा) आणि तृष्णेतला फरक मला इतका सोपा दुसरीकडे कुठे मिळाला नाही. "निष्काम" शब्दाचा धसका घेऊन हेतूच नको म्हणणाऱ्यांनीही ही बाग बघून यावी.

हेतू तपासता तपासता डोकं गरगरलं तर

हे होतं. पाच मिनिटं खणलं की प्रत्येक चांगल्या कामाखाली थोडी वाहवा सापडते आणि मग वाटतं आपण ढोंगीच. थांबा. चेतना क्षणाक्षणाला बदलते म्हटल्यावर मिश्रण निघणारच, एकच शुद्ध हेतू सापडेल ही अपेक्षाच चुकीची. दान देण्याआधी, देताना आणि दिल्यावर मन वेगवेगळं असू शकतं.

बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलला, दिलेली पद्धत जास्त कामाची आहे, मज्झिम निकायात 61 वं सुत्त. आरसा कशासाठी? बघण्यासाठी. तसं कर्म करायच्या आधी, करताना आणि केल्यावर बघायचं, यानं मला, दुसऱ्याला, दोघांना त्रास होतोय का. गंमत बघा, "माझा हेतू शुद्ध आहे का" असा प्रश्नच नाही तिथे. आणि त्रास झालेला दिसला तर आत कुढत बसायचं नाही, गुरूला किंवा जाणत्या सोबत्याला सांगायचं आणि पुढे आवरायचं.

रोज किती कडक राहायचं? त्याला गुराख्याची उपमा आहे, त्याच निकायाच्या 19 व्या सुत्तात. पिकं उभी असताना गुराखी गाई शेतात शिरू नयेत म्हणून काठी घेऊन मागे असतो, कापणी झाली की झाडाखाली बसून फक्त "त्या तिकडे गाई आहेत" एवढं भान ठेवतो. राग आलेला असताना, रात्री उशिरा, ग्रुपवर लिहिताना पिकं उभी असतात. एरवी झाडाखाली बसायला हरकत नाही. त्याच सुत्तात म्हटलंय की ज्याचा विचार माणूस वारंवार करतो तिकडे त्याच्या चित्ताचा कल होतो, म्हणून मी आता "फक्त माहितीसाठी" हे शब्द टाइप झाले की बोट उचलतो आणि आधी तो मेसेज ग्रुपऐवजी त्या एकट्या माणसाला पाठवता येईल का ते बघतो. अर्ध्या वेळा तर कळतं की एकट्याला पाठवायची मला इच्छाच होत नाहीये.