कॉलेजची इंग्लिश प्लेसमेंट टेस्ट खरंच काम करते का, हे कसं बघायचं

एफवायच्या अ‍ॅडमिशन झाल्या की आपल्या मुंबईतली काही कॉलेजं कोणाला कुठल्या बॅचला बसवायचं हे ठरवायला ऑनलाइन इंग्लिश टेस्ट घेतात (हीच प्लेसमेंट टेस्ट, नोकरीची नव्हे), मार्क कमी पडले की पोरगं ब्रिज कोर्सला, म्हणजे इंग्लिश पक्कं करायच्या वेगळ्या वर्गाला, विषय संपला. ब्रोशरवर 'व्हॅलिड', म्हणजे जे मोजायचं तेच मोजणारी, असं छापलंय म्हणून गप्प बसू नका. व्हॅलिडिटी नुसत्या टेस्टची नसते, मार्कांवरून आपण जो निर्णय घेतो त्याची असते, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल मेसिकने 1989 मधेच हे मांडून ठेवलंय. परदेशी अ‍ॅडमिशनसाठी बनवलेली टेस्ट 'हिला ब्रिज लागेल का' हे सांगेलच असं नाही.

आधी स्वतः टेस्ट द्या. उताऱ्यात माणूस ड्राइव्हवेवरचा बर्फ काढतोय आणि प्रश्न काय, तर तो ऑफिसला लेट का झाला. लालबागच्या चाळीतली मराठी मीडियमची मुलगी इथे अडली तर ते इंग्लिश कच्चं की बर्फ माहीत नाही? अशा प्रश्नांवर खूण करा, मग एकूण मार्क सारखेच असलेली मराठी आणि इंग्लिश मीडियमची मुलं घेऊन बघा, एखाद्याच प्रश्नात एकच गट सारखा आपटत असेल तर तो प्रश्न उडवा.

मग टेस्टचे मार्क आणि पहिल्या सेमचा रिझल्ट एक्सेलमधे शेजारी शेजारी ठेवा, बाजूला बारावीच्या इंग्लिशचे मार्कही, कारण अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजांच्या डेटात शाळेतले मार्कच प्लेसमेंट टेस्टपेक्षा जास्त खरे ठरले आणि एसीटी या तिथल्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने आपली कंपास ही प्लेसमेंट टेस्ट 2016 मधे बंदच केली. फक्त कोरिलेशनचा (टेस्टचे मार्क आणि रिझल्ट किती जुळतात त्याचा) आकडा बघून खूश किंवा नाराज होऊ नका हं, कमी मार्कवाले रेग्युलर बॅचला बसलेच नाहीत तर ते तिथे पास झाले असते का हे कळणार कुठून?

म्हणून खरी मेख कटऑफच्या आसपास आहे. कटऑफ 40 असेल तर 36 ते 39 वाल्यांतली काही मुलं, चिठ्ठ्या टाकून, एक वर्ष थेट रेग्युलरला बसवा (प्रिन्सिपल कुरकुर करतील, करू देत), बाकीची ब्रिजला, आणि वर्षाखेरीस दोघांचा रिझल्ट बघा. थेट बसलेली बहुतेक पास झाली तर कटऑफ खाली आणा. आपटली पण ब्रिजवाली तरली, तर टेस्ट राहू द्या. दोन्ही गट आपटले तर मात्र टेस्टच्या आधी ब्रिज कोर्सचा सिलॅबस उघडा.