यंत्र पडले तरी सेवा चालू राहावी यासाठी मेनफ्रेम आणि क्लस्टरची आखणी

मेनफ्रेम (मोठ्या संस्थांचे व्यवहार सांभाळणारा शक्तिशाली संगणक) किंवा क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या संगणकांचा गट) यांच्या आखणीला बसताना सर्वांत आधी मिनिटांचा हिशेब मांडावा. वर्षभरात 99.9 टक्के उपलब्धता म्हणजे सुमारे पावणेनऊ तास सेवा बंद राहण्याची मुभा, तर 99.999 टक्के म्हणजे जेमतेम सव्वापाच मिनिटे. एवढ्या वेळात झोपलेल्या माणसाला उठवून निर्णय घेणे अशक्य असल्यामुळे फेलओव्हर (पडलेल्या यंत्राचे काम दुसऱ्याने हाती घेणे) आपोआपच व्हायला हवा.

त्यानंतर एका व्यवहाराचा मार्ग टोकापासून टोकापर्यंत तपासावा आणि जिथे एकच वस्तू आढळेल, मग तो स्विच असो वा वीजपुरवठा, तिथे जोड द्यावी. आयबीएमच्या पॅरलल सिस्प्लेक्समध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या क्लस्टरमध्ये, 32 पर्यंत झेड/ओएस (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) सिस्टिम कपलिंग फॅसिलिटीच्या (सामाईक डेटाचा ताळमेळ राखणाऱ्या घटकाच्या) आधारे एकच डेटा वापरू शकतात. परंतु सिस्प्लेक्स कपल डेटासेटच्या (या गटाची सामाईक स्थिती नोंदवणाऱ्या फाइलच्या) मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही प्रती एकाच डिस्क सबसिस्टिमवर ठेवल्या असतील, तर ती बंद पडताच सर्व सिस्टिम एकदम थांबतात. कागदावर जोडी दिसते म्हणून समाधान मानू नये.

क्षमतेचे गणितही इथेच करावे. चार नोड (क्लस्टरमधील संगणक) प्रत्येकी 80 टक्के भाराने चालत असतील आणि एक पडला, तर उरलेल्या तिघांवर जवळजवळ 107 टक्के भार येतो; तोच भार 60 टक्के असता, तर तो 80 टक्क्यांवर थांबला असता.

सर्वाधिक काळजी मात्र स्प्लिट-ब्रेनची, म्हणजे क्लस्टरचे दोन भाग एकमेकांपासून तुटून स्वतंत्रपणे चालण्याची, घ्यावी, कारण त्यात सेवेबरोबर डेटाही जातो. दोन नोडमधील हार्टबीटची (‘मी चालू आहे’ असे सतत कळवणाऱ्या संदेशांची) जोडणी तुटली की प्रत्येकाला दुसरा मेला असे वाटते, दोघेही सामाईक डिस्क माउंट करून तिच्यावर लिहू लागतात आणि काही क्षणांत फाइलसिस्टिम खराब होते. म्हणून कोरमसाठी (कोणी चालू राहायचे हे ठरवणाऱ्या बहुमतासाठी) तिसरे मत स्वतंत्र जागी ठेवावे आणि फेन्सिंग लावावे, म्हणजे संशयित नोडची वीज तोडल्याची किंवा डिस्कशी असलेला संबंध तोडल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा नोड काम हाती घेणार नाही. पेसमेकर या क्लस्टर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चाचणीपुरते म्हणून स्टोनिथ (तिथली फेन्सिंगची सोय) बंद करून तो क्लस्टर तसाच प्रत्यक्ष कामाला जुंपणे, ही मला सर्वांत घातक सवय वाटते. मेनफ्रेमवर हेच काम सिस्प्लेक्स फेल्युअर मॅनेजमेंटचे धोरण करते.

दूरच्या केंद्रात डेटाची प्रत ठेवताना अंतराचा विचार करावा. फायबरमधून 100 किलोमीटर जाऊन परत यायला प्रकाशाला सुमारे एक मिलिसेकंद लागतो, आणि सिंक्रोनस पद्धतीत (दूरची प्रत लिहिली गेल्यावरच लेखन पूर्ण मानण्याच्या पद्धतीत) तो विलंब प्रत्येक लेखनाला सोसावा लागतो. चुकून पुसलेली नोंदही तिकडे तितक्याच तत्परतेने पुसली जाते, त्यामुळे बॅकअप वेगळा हवाच.

शेवटी, खरोखर केबल काढून सराव करावा आणि शेवटच्या यशस्वी व्यवहारापासून पुढच्या यशस्वी व्यवहारापर्यंतचा वेळ मोजावा. सेवा मूळ नोडवर परत नेण्याचे काम मात्र स्वयंचलित ठेवू नये. सदोष नोड वारंवार उठतो आणि पडतो, आणि प्रत्येक खेपेस सेवेला नव्याने खंड पडतो.