ॲव्हिडच्या ट्यूटोरियलमध्ये उत्तर न सांगता शिकवायचं कसं

सॅन डिएगो भागातल्या एका हायस्कूलमध्ये मी ॲव्हिडच्या, म्हणजे मुलांना कॉलेजसाठी तयार करणाऱ्या एका अमेरिकन कार्यक्रमाच्या, वर्गाला ट्यूटर म्हणून जाते. तिथल्या ट्यूटोरियलमध्ये मुलं आपले अडलेले प्रश्न गटात मिळून सोडवतात, ट्यूटरने उत्तर सांगायचं नसतं. आपली कॉलेजात शिकणारी मराठी मुलंमुलीही हे काम घेतात, आणि हमखास विचारतात, "काकू, उत्तर सांगायचंच नाही, तर मग आम्ही तिथे करायचं काय?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी थोडं पूर्वीचं. १९८० साली सॅन डिएगोच्याच क्लेअरमाँट हायस्कूलमध्ये मेरी कॅथरीन स्वॉन्सन या इंग्रजीच्या शिक्षिकेने ३२ मुलांना घेऊन हा वर्ग सुरू केला. कोर्टाच्या आदेशामुळे तेव्हा शहराच्या दुसऱ्या भागांतली गरीब घरची मुलं बसने या शाळेत येऊ लागली होती. बाईंनी त्यांना सोपे विषय दिले नाहीत. अवघड वर्गांतच बसवलं आणि जोडीला हा आधाराचा तास दिला. आजही या वर्गात मधल्या मार्कांची मुलं असतात, आणि कितीतरी जणांच्या घरातून कॉलेजला जाणारं ते पहिलंच असतं.

गटात जास्तीत जास्त सात मुलं घ्या. मुलं गोलाकार बसतात, ज्याचा प्रश्न असतो तो फळ्यापाशी उभा राहतो. तुम्ही मुलांमध्ये बसा. खडू किंवा मार्कर हातात घेऊच नका. घेतलात की सगळे तुमच्याकडेच बघत बसतात.

खरं काम त्याच्या आधीच, फॉर्मवर होतं. ट्यूटोरियल रिक्वेस्ट फॉर्मवर मुलाने प्रश्न, त्यातलं येतं तेवढं, केलेल्या पायऱ्या आणि नेमकं कुठे अडलं ते लिहून आणायचं असतं. "मला असमानता कळत नाही" असं लिहिलेलं असेल, तर प्रेमाने परत पाठवा. "−२क्ष < ६ सोडवताना दोन्ही बाजूंना −२ ने भागलं, पण चिन्ह उलटं का होतं?" असं लिहून आणलं, की समजा अर्धी लढाई जिंकली.

आता हाच प्रश्न घेऊन फळ्यापाशी आलेल्या मुलीला आधी अर्ध्या मिनिटात सांगू द्या, तिला काय येतं आणि कुठे अडतंय. मग गटाने विचारायचं. कुणीतरी हुशार मुलगा लगेच म्हणेल, "अगं, ऋण संख्येने भागलं की उलटतं, नियमच आहे तो!" तिथे त्याला थांबवा आणि सांगा, "तुला माहीत आहे ना, मग तिला सापडेल असा प्रश्न विचार." तो जरा विचार करून विचारतो, "२ आणि ५, मोठं कोण?" "पाच." "दोन्हींना −१ ने गुण." ती −२ आणि −५ लिहिते. दुसरी मुलगी म्हणते, "संख्यारेषेवर दाखव." ती रेषा काढते, शून्याच्या डावीकडे दोन्ही टिंबं देते, आणि −५ जास्त डावीकडे गेलेला बघून हात थांबतो. इथे गप्प राहा. ही शांतता तुम्हाला फार लांब वाटेल, पण तिच्या डोक्यात याच वेळी सगळं चाललेलं असतं. मग ती स्वतःच म्हणते, "म्हणजे मोठं कोण ते बदललं!" आणि क्ष > −३ लिहून टाकते.

एवढ्यावर सोडू नका. क्ष = ० घालून पडताळा घ्यायला लावा: ० < ६, बरोबर. मग −४ घालायला सांगा: ८ < ६, चूक. आता सगळ्या पायऱ्या तिच्या तोंडून पुन्हा येऊ द्या. बाकीच्यांनी तोवर आपापल्या वहीत कॉर्नेल पद्धतीने, म्हणजे डावीकडे प्रश्न, उजवीकडे नोंदी आणि खाली सारांश अशी, टिपणं काढलेली असली पाहिजेत. दुसऱ्याचा प्रश्न म्हणून कुणी वही मिटून बसलं, तर त्यालाच पुढचा प्रश्न विचारायला सांगा.

शेवटची पाच मिनिटं लिहिण्यासाठी राखा: काय कळलं, कशामुळे कळलं. "खूप मदत झाली" एवढंच लिहून दिलं तर घेऊ नका. आणि घरी जाताना त्याच प्रकारचं एक गणित, कुणालाही न विचारता करायला द्या. त्या विषयाच्या बाईंच्या पुढच्या तासाला ते वहीत असलं पाहिजे.