गावांच्या यादीत सुरुवातीच्या अक्षरांवरून शोध कसा द्यावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागासाठी मोबाइल अ‍ॅप तयार करताना गावांची यादी जवळजवळ प्रत्येक फॉर्ममध्ये लागते, आणि पहिली एक-दोन अक्षरे टाइप करताच हवे ते गाव दिसावे, ही वापरणाऱ्याची अपेक्षा रास्त आहे. त्यासाठी मूळ यादीला हात न लावता, प्रत्येक वेळी तीच नव्याने गाळून निकाल वेगळा ठेवावा. आधीच गाळलेली यादी पुन्हा गाळत गेल्यास अक्षर खोडल्यावर गावे परत येत नाहीत.

खरी मेख देवनागरीत आहे. 'कं' आपल्याला एकच अक्षर दिसते, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातील अक्षरांच्या प्रमाण संकेतप्रणालीत, ते 'क' आणि अनुस्वार अशा दोन संकेतांचे असते. अँड्रॉइडसाठीच्या कोटलिन आणि डार्ट या भाषांतील 'स्टार्ट्सविथ' (मजकुराची सुरुवात जुळते का ते पाहणारे फंक्शन) संकेतांची तुलना करते, त्यामुळे 'क' टाइप करताच कडोली आणि कंग्राळी दोन्ही येतात. आयफोनसाठीच्या स्विफ्ट भाषेतील तेच काम करणारे 'हॅजप्रीफिक्स' मात्र पूर्ण अक्षर हे एकक मानते. तिथे कडोली दिसते आणि कंग्राळी गायब होते. आपले गाव यादीत नाहीच, असे समजून माणूस फॉर्म अर्धवट सोडतो, म्हणून ही चूक मला किरकोळ वाटत नाही. उपाय सोपा आहे: स्विफ्टमध्ये गावाचे नाव आणि टाइप केलेली अक्षरे या दोन्ही मजकुरांचे 'युनिकोडस्केलर्स', म्हणजे सुटे संकेत, घेऊन त्यांवर 'स्टार्ट्स' चालवावे. 'ऱ' एका संकेताने किंवा 'र' आणि नुक्ता मिळून लिहिला जातो, म्हणून तुलनेपूर्वी दोन्ही बाजू एनएफसी या युनिकोडच्या एकसारख्या, जोडलेल्या रूपात आणाव्यात.

आपल्याकडे एका गावाला अनेक नावे असतात. सौंदत्तीला कोणी सवदत्ती लिहितो. 2014 पासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी आहे. कंग्राळी बुद्रुकला पाट्यांवर 'बी. के.' जोडलेले असते. म्हणून प्रत्येक नोंदीत दिसणारे नाव एक ठेवून मराठी, कन्नड आणि रोमन लिपीतील शोधनावे वेगळी साठवावीत, आणि त्यांपैकी कोणतेही जुळले तरी गाव दाखवावे. जुळणी मात्र नावाच्या आरंभापासूनच करावी, कारण प्रत्येक शब्दापासून केल्यास 'बु' टाइप करताच सगळी बुद्रुक गावे समोर येतील.

काही हजार नावे मेमरीत सहज गाळता येतात. यादी त्याहून बरीच मोठी असल्यास शोधनावांच्या स्तंभावर इंडेक्स ठेवून फोनमधल्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये 'ग्लोब' (GLOB, नमुन्याशी जुळवणारी क्रिया) वापरावे.

शेवटी अँड्रॉइड आणि आयफोन अशा दोन्ही फोनांवर 'क' टाइप करून कडोली आणि कंग्राळी दोन्ही दिसतात का ते पाहावे, अनुस्वार देऊन कडोली जाते का आणि तो खोडल्यावर परत येते का, हेही तपासावे.